रामगिरीच्या पायाशी आलेली राणी

आषाढात निजलेला देव कार्तिक शुद्ध एकादशीस जागा होतो. दुसऱ्या दिवशी द्वादशीस पारणे होते, तुळशीची लग्ने लागू लागतात, आणि आमच्या श्रीक्षेत्र रामटेकच्या गडाखाली यात्रेची चाहूल लागते. वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमा हे दोन दिवस तर डोंगर माणसांनी भरून जातो. नागपूरहून, भंडाऱ्याहून, शिवनी-बालाघाटाकडून मंडळी येतात, अंबाळा तलावात स्नान करतात आणि पायऱ्या चढू लागतात. वाटेत नृसिंहाची दोन देवळे लागतात, पुढे महावराहाची अजस्र मूर्ती लागते. तिच्या पोटाखालून सरपटत पलीकडे गेल्याशिवाय यात्रा पुरी झाली असे कोणास वाटत नाही. मग लक्ष्मणाचे आणि शेवटी प्रभू रामचंद्राचे दर्शन. आम्हीही वडिलांचे बोट धरून हा डोंगर प्रथम चढलो तो असाच, आणि तेव्हापासून आजवर वर्षातून किती वेळा चढलो याची मोजदाद ठेवलेली नाही.

मात्र या डोंगराच्या देवापुढे येऊन गेलेल्या ज्या यात्रेकरूंची नावे कोरीव लेखांत टिकून राहिली, त्यांत आमच्या माहितीप्रमाणे सर्वांत जुने नाव एका स्त्रीचे आहे. ती सम्राटाची कन्या होती, राजाची पत्नी होती, राजांची माता होती, आणि आयुष्याचा मोठा भाग तिने वैधव्यात काढला. महाराणी प्रभावतीगुप्ता असे तिचे नाव. या सणाच्या निमित्ताने तिचे चरित्र सुज्ञ वाचकांपुढे ठेवावे असा आमचा मानस आहे.

प्रभावती ही गुप्त सम्राट द्वितीय चंद्रगुप्त, म्हणजे लोकांच्या मुखी असलेला विक्रमादित्य, याची कन्या. तिची आई कुबेरनागा नागकुळातील होती. पाटलिपुत्राचे वैभव त्या वेळी ऐन भरात होते. विदर्भात मात्र वाकाटकांची सत्ता होती, आणि माळवा-गुजरातेतील शक क्षत्रपांवर चालून जावयाचे तर दक्षिणेकडचा हा शेजारी मित्र असणे गुप्तांस अगत्याचे होते. वाकाटक राजा पृथिवीषेण याचा पुत्र द्वितीय रुद्रसेन यास चंद्रगुप्ताने आपली कन्या दिली. इतिहासकार या विवाहास राजनीतीचा विवाह म्हणतात. तो तसा होताही. परंतु राजनीतीने दिलेली मुलगीसुद्धा माहेरचा उंबरा ओलांडताना मुलगीच असते, हे इतिहासाच्या ग्रंथांत सहसा लिहिलेले नसते.

सासर शैव, माहेर परम भागवत. सासऱ्यांच्या घरी महेश्वराची उपासना पिढीजात चालत आलेली. नवल असे, की रुद्रसेनाच्या वर्णनात मात्र चक्रपाणी विष्णूच्या कृपेने त्यास वैभव लाभले असा उल्लेख येतो. सुनेबरोबर तिचा देवही घरात आला, असेच याचे तात्पर्य विद्वान काढतात. आम्हांस त्यात वावगे काही दिसत नाही. आजही आमच्या घरांत सासूचा कुलाचार एक आणि सुनेच्या माहेरचे दैवत दुसरे, असे असतेच. दोन्ही देव एकाच देव्हाऱ्यात नांदतात.

रुद्रसेनाचे राज्य फार काळ टिकले नाही. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी, इ. स. ४०५ च्या सुमारास, तो निवर्तला, आणि प्रभावतीच्या पदरी लहान मुले राहिली. थोरला दिवाकरसेन युवराज होता, परंतु वयात आलेला नव्हता. राज्य चालविण्याचे काम त्याच्या मातेकडे आले, आणि ते तिने नंदिवर्धन या राजधानीतून चालविले. नंदिवर्धन म्हणजे रामटेकच्या दक्षिणेस अगदी जवळ असलेले आजचे नगरधन. भोसल्यांच्या काळचा भुईकोट तेथे अजून उभा आहे. गडावरून स्वच्छ दिवशी पाहावे तर तो सारा मुलूख नजरेखाली येतो.

तिच्या कारभाराचा पहिला पुरावा मिळाला तो पुण्यास. तेथील एका तांबट घराण्याकडे दोन ताम्रपट वडिलोपार्जित ठेवा म्हणून राहिले होते. तांबटाच्या घरी तांबे वितळवून भांडे होण्यास कितीसा वेळ! ते झाले नाही हे आपले भाग्य. हे दानपत्र नंदिवर्धनाहून दिलेले आहे, वर्ष तेरावे आहे, आणि तिथी कार्तिक शुद्ध द्वादशी आहे. प्रबोधिनीचा उपवास करून द्वादशीस दान द्यावे, हा जो नेम आपण आज पाळतो तोच नेम ही राणी सोळाशे वर्षांपूर्वी पाळीत होती. दंगुण नावाचे गाव तिने चनालस्वामी नामक एका भगवद्भक्त आचार्यास दिले, आणि देण्यापूर्वी ते भगवंताच्या चरणी निवेदन केले.

त्या ताम्रपटातील एक-दोन गोष्टींकडे, संस्कृताचे अध्यापन करीत आल्यामुळे, आमचे लक्ष विशेष गेले. वाकाटकांचे बहुतेक लेख पेटीसारखा चौकोनी शिरोभाग असलेल्या अक्षरांत आहेत; या लेखाचे वळण निराळे, खिळ्यासारख्या माथ्याचे आहे. वंशावळ आरंभ होते तीही वाकाटकांची नव्हे, गुप्तांची. राणीने आपले गोत्र सांगितले आहे ते धारण, म्हणजे माहेरचे. विवाहानंतर स्त्रीचे गोत्र पतीचे, वाकाटकांचे विष्णुवृद्ध गोत्र. मग हे कसे? यावरून काही इतिहासकारांनी असा निष्कर्ष काढला की त्या काळी विदर्भाचा कारभार पाटलिपुत्राच्या तंत्राने चालत होता आणि राणी केवळ पित्याची प्रतिनिधी होती. चंद्रगुप्ताने कन्येच्या साहाय्यास माणसे धाडली असतील, हे आम्हीही मानतो. परंतु तिने स्वतःस दोन्ही कुळांचे भूषण म्हणविले आहे, आणि मुद्रेवर तर आपले नावही न घालता युवराजाची जननी एवढीच ओळख कोरविली आहे. पित्याचे नाव तिने अभिमानाने सांगितले आणि सत्ता मुलाच्या नावाने चालविली. एका विधवेस, परक्या मुलखात, शत्रू-मित्रांच्या नजरा रोखलेल्या असताना, याहून शहाणपणाचा दुसरा मार्ग कोणता होता?

आता तेराव्या वर्षाचा विचार करावा. पतीच्या मृत्यूस तेरा वर्षे झाली तरी दिवाकरसेन युवराजच आहे. महाराज झालेला नाही. पुढे राणीचा दुसरा ताम्रपट मिळतो, तो अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथला. त्यात तिने आपणास दामोदरसेन आणि प्रवरसेन या महाराजांची जननी म्हटले आहे. दिवाकरसेनाचे नाव त्यात नाही. ज्याच्या नावाने तेरा वर्षे राज्य राखले, तो थोरला मुलगा गादीवर बसण्यापूर्वीच गेला असावा, असे मिराशींसारख्या विद्वानांनी अनुमान केले आहे. ताम्रपटात शोक लिहिण्याची रीत नाही. तेथे वंश लिहितात, गाव लिहितात, दान मोडणाऱ्यास पाप लिहितात. एका आईच्या मनावर काय ओढवले ते केवळ एका गाळलेल्या नावावरून कळते. कीर्तनात आम्ही पुत्रशोकाची आख्याने पुष्कळ लावली, दशरथाची लावली, गांधारीची लावली, श्रोत्यांचे डोळे भरून आलेले पाहिले; परंतु या कोऱ्या जागेइतके आम्हांस कशाने गप्प केले नाही.

ऋद्धपूरचा हा लेख प्रवरसेनाच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. तोवर बरेच काही पालटले होते. प्रवरसेन कर्ता झाला होता. महाराष्ट्री प्राकृतातील ‘सेतुबंध’ हे रामकथेचे काव्य त्याच्या नावावर आहे. तो स्वतः शिवभक्त, आई विष्णुभक्त, आणि काव्य लिहिले ते रामावर. त्याने राजधानीही नंदिवर्धनाहून प्रवरपुरास नेली. हे प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचे पवनार असे मिराशींचे मत; मनसरच्या उत्खननानंतर काही संशोधक मनसरचे नाव घेतात. तो वाद आज नको.

राजधानी हलली, परंतु राजमातेचा हा लेख प्रवरपुराहून निघालेला नाही आणि नंदिवर्धनाहूनही नाही. तो निघाला आहे रामगिरिस्वामींच्या पादमूलापासून, म्हणजे देवाच्या पायांपाशी बसून. रामगिरी म्हणजे आपले रामटेक, ही गोष्ट महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी सप्रमाण मांडली, आणि त्यात या ताम्रपटाचा मोठा आधार होता. कालिदासाच्या ‘मेघदूता’तील शापित यक्ष ज्या डोंगरावर राहतो, जेथे रघुपतीची पाउले उमटलेली आहेत, तो डोंगर हाच. त्या काळी येथे देवाच्या पावलांची पूजा होत असावी. कालिदास वाकाटकांच्या दरबारी काही काळ होता आणि प्रवरसेनाच्या काव्यास त्याचा हात लागला, अशी जुन्या टीकाकारांची परंपरा आहे. ती खरी मानली तर राणी आणि कवी या दोघांनी एकच चढण चढली असेल. असो.

आम्हांस या दोन लेखांमधील अंतर फार बोलके वाटते. पहिला राजधानीतून निघाला, दुसरा देवाच्या पायाशी. नगरधन ते रामटेक ही वाट दोन कोसांची. पायी निघालेला मनुष्य दीड-दोन तासांत डोंगराच्या पायथ्याशी पोचतो. राणीस मात्र ती पुरी करण्यास सारी हयात लागली. मधल्या काळात राज्य सांभाळावयाचे होते, मुलांस वाढवावयाचे होते, एकास गमवावयाचे होते, धाकट्याच्या हाती सारे सोपवावयाचे होते. वानप्रस्थाचा उपदेश शास्त्रांनी पुरुषास केला. या स्त्रीने तो न सांगता आचरला. मात्र तिने संसार टाकला असे म्हणणे चूक ठरेल. देवाच्या पायाशी बसूनही तिने शासनच काढले, ब्राह्मणांस शेत आणि घर दिले, आणि आपल्या नावाने दिले. सत्ता तिच्या हातून सुटली नव्हती, केवळ ती बसण्याची जागा बदलली होती.

नगरधन येथे इ. स. २०१५ ते २०१८ या काळात उत्खनन झाले. त्यात मातीची एक लहानशी लंबगोल मुद्रा सापडली. तीवर ब्राह्मी अक्षरांत राणीचे नाव आहे आणि शंखाचे चिन्ह आहे. उपराजधानीतील विद्वानांनी ताम्रपटांवरून जे अनुमान केले होते त्यास जमिनीने दिलेली ही साक्ष होय. वजनाला ती सात ग्रॅमही नाही. जिच्या आज्ञेने गावे दिली जात होती तिचा शिक्का तळहातावर हरवून जाईल एवढा.

डोंगरावरील दुसऱ्या साक्षीची कथा आमच्या अगदी जवळची आहे. केवल नृसिंहाच्या देवळात लाल दगडाची भव्य मूर्ती आहे, हाती चक्र घेऊन बसलेली. लहानपणी चढून दमलो की आम्ही त्याच देवळाच्या भिंतीस पाठ टेकून बसत असू. मोठेपणी कीर्तनाच्या आधी पाठांतर उजळावयाचे ते तेथेच. त्या भिंतीत अक्षरे आहेत हे आम्हांस ठाऊक नव्हते, आणि इतर कोणासही नव्हते. गिलाव्याच्या थराखाली ती झाकलेली होती. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात दुरुस्ती चालू असता लेख उघडा पडला. तो फार झिजला आहे, पुष्कळ ओळी गेल्या आहेत. परंतु जे वाचता आले त्यावरून, हे देऊळ प्रभावतीच्या कन्येने बांधविले, असे संशोधक सांगतात. वाकाटक घराण्यातील ही कन्या तिच्या मामास, घटोत्कच नामक गुप्त राजपुत्रास, दिली होती. पती वारल्यावर भावाने तिला माहेरी आणले. मायलेकी दोघी गुप्त-वाकाटकांच्या सोयरिकीत दिल्या गेल्या, आणि दोघींच्या वाट्यास वैधव्य आले.

त्या मुलीने देवास नाव ठेवले प्रभावतीस्वामी. प्रभावतीचा स्वामी, म्हणजे आईच्या नावाने ओळखावयाचा देव. आणि या कृत्याच्या पुण्यातील अर्धा वाटा तिने आईस दिला. आमच्या शास्त्रांत पुत्राने पितरांस पुण्य द्यावयाचे विधी शेकडो आहेत. मुलीने आईस अर्धे पुण्य दगडावर कोरून द्यावे, असे उदाहरण आमच्या वाचनात दुसरे नाही.

नृसिंहाच्या त्या दारात आता यात्रेकरू क्षणभर टेकतात, कोणी पाणी पितो, कोणी मुलास कडेवरून उतरवितो, आणि वर रामाच्या दर्शनास निघून जातात. तेथे राणीच्या नावाचा दिवा लागत नाही. आम्हीही इतकी वर्षे याच डोंगराच्या पायथ्याशी रामकथा सांगितली आणि तिचे नाव कधी घेतले नाही. हा दोष आमचा. यंदा द्वादशीस पारणे आटोपून नगरधनच्या बाजूने पायी यावे, नृसिंहाच्या देवळाशी थांबावे, आणि त्रिपुरीच्या रात्री कीर्तनाच्या उत्तररंगास हेच आख्यान लावावे, असे आम्ही ठरविले आहे. पदे अजून रचावयाची आहेत. दिवाकरसेनाच्या जागी कोणता शब्द घालावा, तेवढे मात्र आम्हांस सुचलेले नाही.