कुष्ठरुग्णांचे पाय धुणारे संत डेमियन

संत डेमियन यांचा जन्म ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो गावी झाला. येशू-मरियेच्या पवित्र हृदयांच्या संघात व्रतस्थ झालेल्या या तरुणास १८६४ साली होनोलुलू येथे गुरुदीक्षा मिळाली. १० मे १८७३ रोजी ते हवाईच्या मोलोकाई बेटावरील कुष्ठरुग्णांच्या वसाहतीत स्वेच्छेने दाखल झाले.

सुरुवातीच्या वर्षांत तेथे कायमचा डॉक्टर नव्हता. कुष्ठरोगाने पाय बधिर होतात. खडा रुतला, चटका बसला तरी रुग्णास कळत नाही. तो त्याच पायावर चालत राहतो आणि जखम हाडापर्यंत चिघळते. फादर डेमियन अशा जखमा स्वहस्ते धुऊन, मलम लावून पट्ट्या बांधीत. दुर्गंधी असह्य होई म्हणून ते पाइप ओढू लागले. काहींना हे संतास अशोभनीय वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. स्वच्छ पाणी जवळ नव्हते, तेव्हा नळ टाकून त्यांनी ते वस्तीपर्यंत आणले.

डिसेंबर १८८४ मध्ये एके दिवशी त्यांनी थकलेले पाय गरम पाण्यात ठेवले. पाणी कढत होते. कातडीवर फोड आले, परंतु वेदना मुळीच झाल्या नाहीत. इतरांच्या पायांत जे रोज पाहिले, ते आता त्यांच्या स्वतःच्या पायांत होते. तरीही सेवा थांबली नाही.

१८८६ साली जोसेफ डटन हे प्रापंचिक सेवक मदतीस आले, १८८८ साली मदर मेरियन कोप व त्यांच्या फ्रान्सिस्कन भगिनी आल्या. १५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी, फादर डेमियन प्रभुघरी गेले. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी ११ ऑक्टोबर २००९ रोजी त्यांना संतपद बहाल केले. डटन मात्र मोलोकाईवरच पुढे चार दशके रुग्णसेवा करीत राहिले.