शिंपले, चिंचोके आणि ताराबाई

मैत्रिणींनो, मी आमच्या कळंबजवळच्या एका वस्तीवर अंगणवाडी सेविका होते, तेव्हाची ही गोष्ट. तपासणीला मोठ्या बाई येणार म्हणून मी आठ दिवस रात्री जागून खेळणी केली. थर्माकोलचं घर, पताकांच्या कागदाची फुलं, काडेपेट्यांची आगगाडी. इतकी देखणी झाली, की पोरांचे हात लागू नयेत म्हणून सगळी भिंतीवर उंच टांगली. मोठ्या बाई खूश झाल्या, शेराही चांगला मिळाला.

दुसऱ्या दिवशी चार वर्षांची एक मुलगी डब्यावर चढली आणि तिने आगगाडी खाली ओढली. डबे तुटले. मी रागाच्या भरात तिच्या हातावर चापट मारली. ती रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर पाच दिवस ती आलीच नाही.

सहाव्या दिवशी मी तिच्या घरी गेले. आई कांदे काढायला गेली होती. पोरगी अंगणात एकटीच खेळत होती. दाणे काढलेली मक्याची चार कणसं तिने सुतळीने एकामागे एक बांधली होती आणि तोंडाने शिट्टी वाजवत ती गाडी ओढत होती. काय सांगू, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे मी आठ रात्री जागून केलं, ते तिने कचऱ्यातून केलं होतं. शिवाय तिची गाडी चालत होती, माझी नुसती टांगलेली होती.

त्याच सुमारास ताराबाई मोडकांचं चरित्र माझ्या हाती आलं. प्रशिक्षणात त्यांचं नाव एका ओळीत ऐकलं होतं, पाठही केलं होतं. पण ही बाई कोण, हे तेव्हा कळलं.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचं, त्यामुळे मुलीला शिकवायचं की नाही असा प्रश्नच नव्हता. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. त्या काळात बाई पदवीधर होणं म्हणजे केवढी गोष्ट! लग्न होऊन त्या अमरावतीला गेल्या. यजमान वकील होते. पण संसार टिकला नाही. पदरी एक लहान मुलगी आणि पाठीशी मोडलेला संसार, अशा अवस्थेत दुसरी कुणी माहेरचा कोपरा धरून बसली असती. ताराबाई राजकोटला गेल्या आणि शिक्षिका तयार करणाऱ्या कॉलेजच्या प्रमुख झाल्या. नोकरी चांगली होती, मान होता.

तेवढ्यात त्यांना भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या कामाची माहिती मिळाली. गिजुभाईही मूळचे वकील. वकिली सोडून त्यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं होतं. मारायचं नाही, घोकून घ्यायचं नाही, मुलाने आपल्या हातांनी करून शिकायचं, अशी ती शाळा. ताराबाई १९२३ मध्ये तिथे गेल्या. १९२६ साली दोघांनी मिळून नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. आई-बापांना समजावं म्हणून शिक्षणपत्रिका चालवली. पुढे १९३६ मध्ये ताराबाई मुंबईला परतल्या आणि त्यांनी दादरला शिशुविहार उभा केला.

या बालमंदिरांमागची पद्धत होती इटलीतल्या डॉक्टर मारिया माँटेसरींची. त्यांनी १९०७ साली रोममधल्या गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बालगृह उघडलं होतं. लहान मूल हाताने, कानाने, डोळ्याने शिकतं, म्हणून त्यांनी खास साधनं तयार केली. लाकडी दट्ट्या, ठोकळे, आवाजाच्या डब्या, खरखरीत आणि गुळगुळीत पाट्या. साधनं उत्तम, पण महाग. शहरातल्या शाळेला ती परवडायची. खेड्यातल्या पोराचं काय?

हा प्रश्न ताराबाईंना स्वस्थ बसू देईना. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या दादर सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. आपण त्या वयात गुडघे धरून बसतो हो! सोबतीला आल्या अनुताई वाघ. अनुताई आपल्याच पुणे जिल्ह्यातल्या, १९१० साली मोरगावला जन्मलेल्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. ज्यांच्या नशिबाचं गावाने कधीच वाटोळं ठरवलं असेल, अशा या दोघी. त्यांनी हजारो पोरांचं आयुष्य मार्गी लावलं.

बोर्डीला पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण पाड्यावरची आणि दलित वस्तीतली मुलं येईनात. मग त्यांनी शाळाच वस्तीत नेली. कुणाच्या तरी अंगणात पोरं गोळा करायची, हातपाय धुवायचे, केस विंचरायचे, गाणी म्हणायची आणि खेळायचं. खेळायला काय? समुद्रकाठचे शिंपले, दगड, बिया, पानं, फुलं. शिंपले मोजले की अंक आले, पानं लावली की लहान-मोठं कळलं. खर्च नाही, आणि मोडलं तर रागवायचं कारणही नाही.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेलं. तिथे मोठी बहीण लहान भावंड कडेवर घेऊन बसायची, म्हणून शाळेला पाळणाघर जोडलं. पोरं गुरं राखायला जायची, म्हणून शाळा त्यांच्यामागे रानात गेली, ती कुरणशाळा. पोर येत नाही तर दोष पोराचा नाही, शाळेने पाऊल उचलायचं, हा त्यांचा हिशेब. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी पुढे १९९२ पर्यंत, स्वतःच्या शेवटापर्यंत, ते काम चालवलं. १९७५ साली सरकारची बालविकास योजना आली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर झाला. ज्या शब्दावर मला मानधन मिळत होतं, तो या बायकांनी दुसऱ्याच्या अंगणात बसून कमावला होता. आणि मी भिंतीवर खिळे ठोकत बसले होते.

मी खेळणी खाली काढली. त्या पोरीला म्हटलं, मला तुझी कणसाची गाडी शिकव. ती शिकवायला आली, ती मग रोजच येत राहिली.

त्यानंतर आम्ही पैसे खर्चून काही आणलं नाही. घोड नदीच्या काठची माती खडे वेचून मळायची आणि पोळ्याचे बैल करायचे. माझ्या बैलापेक्षा पोरांचे वाकडे बैल बरे, कारण ते त्यांचे असतात. ज्वारीच्या ताटांची बैलगाडी, आंब्याच्या कोयीची पिपाणी, चिंध्यांची ठकी. चार जोड बाटल्या घेऊन दोनांत ज्वारी, दोनांत वाळू, दोनांत खडे, दोनांत चिंचोके भरायचे. बाहेरून कागद लावायचा आणि हलवून जोड्या शोधायला सांगायचं. माँटेसरीबाईंच्या आवाजाच्या डब्या त्या याच!

एवढंच सांभाळा. तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हाती सुटे चिंचोके, मणी, बटणं देऊ नका, घशात अडकतात. बाटलीचं झाकण घट्ट चिकटवा. गुंजा दिसायला गोड, पण विषारी, त्या पोरांच्या खेळात नकोतच. आणि मूल वेडंवाकडं करत असेल तर हात मागे घेऊन बसा. हे सगळ्यात अवघड, मी अनुभवाने सांगते.

ती पोरगी आता मोठी झाली, तिचं लग्नही झालं. माझ्या कपाटात मात्र सुतळीने बांधलेली चार कणसं अजून आहेत. तपासणीच्या त्या शेऱ्याचा कागद कुठे गेला, कुणास ठाऊक.