डॉ. सुब्बाराव : शिष्यवृत्तीविना परदेशी गेलेला संशोधक



दर वर्षी निकाल लागले की आपल्यापैकी काही घरांत एक विषय निघतो. मुलाला किंवा मुलीला पुढील संशोधनासाठी परदेशी पाठवावे काय, आणि पाठवायचे तर पैसा कोठून आणावा? वैद्यकीय संशोधनासाठी आंतरराष्ट्रीय फेलोशिप असतात एवढे ऐकून ठाऊक असते. अर्ज करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून आज डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची हकिकत आपल्यापुढे ठेवीत आहे. गरोदर स्त्रीला दवाखान्यातून मिळणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीशी या गृहस्थांचा निकटचा संबंध आहे. ती गोळी आपल्या घरी येऊन गेली असेल; त्यांचे नाव मात्र घरी क्वचितच उच्चारले गेले असेल.

सुब्बारावांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी त्या वेळच्या मद्रास इलाख्यातील भीमवरम येथे झाला. घरची परिस्थिती बेताची, भावंडे सात, आणि वडील आजारपणामुळे लवकर नोकरीतून निवृत्त झालेले. आज ज्यांना आपण थोर शास्त्रज्ञ म्हणतो ते सुब्बाराव मॅट्रिकच्या परीक्षेत दोन वेळा नापास झाले व तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. तरुणपणी त्यांचा ओढा रामकृष्ण मिशनकडे होता, परंतु आईला ते मान्य नव्हते. अखेरीस त्यांनी मद्रास मेडिकल कॉलेजात नाव घातले. शिक्षणाचा खर्च मित्रांनी आणि पुढे सासऱ्यांनी उचलला.

या कॉलेजात असताना एक गोष्ट घडली व तिचे परिणाम त्यांना पुढे फार दिवस भोगावे लागले. गांधीजींच्या हाकेला अनुसरून त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी घालावयाचा झगा खादीचा वापरला. इंग्रज प्राध्यापकांची त्यामुळे नाराजी झाली. लेखी परीक्षा चांगली देऊनही त्यांना एम.बी.बी.एस. न मिळता एल.एम.एस. ही खालच्या दर्जाची पदवी मिळाली. सरकारी वैद्यकीय सेवेतही त्यांना जागा मिळाली नाही. तेव्हा मद्रासच्या आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्राचे अध्यापक म्हणून त्यांनी काम धरले.

याच सुमारास त्यांचे दोन भाऊ थोड्याच दिवसांच्या अंतराने स्प्रू या रोगाने वारले. या रोगात अन्न अंगी लागत नाही, रोगी जुलाबाने व रक्तक्षयाने झिजत जातो. डॉक्टर झालेला भाऊ घरात असूनही काही करता आले नाही. उष्ण प्रदेशातील रोगांचा अभ्यास करायचा हे त्यांच्या मनाने येथे घेतले असावे, असे मानण्यास जागा आहे.

आता अर्जाकडे वळू. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाकडे त्यांनी अर्ज केला. प्रवेश मिळाला, पण शिष्यवृत्ती मिळाली नाही. पालकांनी ही गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्रवेशाचे पत्र वेगळे आणि पैशाचे पत्र वेगळे. पहिले हाती पडले की घरात पेढे वाटले जातात, आणि दुसरे आलेलेच नाही हे तिकिटाच्या वेळी उमगते. त्या काळीही रॉकफेलर फाउंडेशनसारख्या संस्था देशोदेशींच्या डॉक्टरांना फेलोशिप देत असत. परंतु त्या बहुधा सरकारी आरोग्यखात्यात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जागा असलेल्यांच्या वाट्यास येत, कारण माणूस शिकून परत कोठे जाणार हा प्रश्न देणाऱ्याला असे. सुब्बारावांजवळ ना वरची पदवी, ना सरकारी जागा. अशा अर्जदाराकडे कोण पाहणार?

पैसा उभा राहिला तो घरातून आणि गावातून. काकीनाडा येथील मल्लाडी सत्यलिंगम नायकर यांच्या धर्मादाय निधीने मदतीचे वचन दिले, सासऱ्यांनी भर घातली. २६ ऑक्टोबर १९२३ रोजी सुब्बाराव बोस्टनला उतरले तेव्हा जवळ फारसे काही उरले नव्हते. एल.एम.एस. या पदवीवर तेथे डॉक्टर म्हणून उभे राहणे अवघड. दिवसा त्यांनी शिक्षण घेतले आणि रात्री इस्पितळात रोग्यांची भांडी उचलण्यासारखी हलकी कामे केली. ज्यांना अशा कामाची लाज वाटते त्यांनी परदेशी जाण्याचा विचार जरा थांबूनच करावा, असे मला वाटते.

पदविका घेतल्यावर ते हार्वर्डच्याच जीवरसायन विभागात सायरस फिस्क यांच्या हाताखाली काम करू लागले. १९२५ साली या दोघांनी रक्तातील व लघवीतील फॉस्फरस मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पद्धत सुटसुटीत आहे. नमुन्यात मॉलिब्डेटचे द्रावण घालावयाचे, मग एका रसायनाने त्याचे क्षपण करावयाचे. द्रावणास निळा रंग येतो. रंग जितका गडद तितका फॉस्फरस अधिक. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी जीवरसायनाच्या प्रात्यक्षिकात फिस्क-सुब्बाराव पद्धत केली असेल तर त्यातील दुसरे नाव याच गृहस्थांचे. पुढे १९२७ मध्ये फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये एटीपी हे पदार्थ या दोघांनी स्नायूंतून वेगळे केले. (त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोमान यांनीही स्वतंत्रपणे एटीपी शोधले.) स्नायूला आकुंचनासाठी शक्ती कोठून मिळते याविषयीची तोवरची समजूत या कामाने बदलली. १९३० साली त्यांना पीएच.डी. मिळाली.

एवढे करूनही हार्वर्डने त्यांना कायम प्राध्यापकपद दिले नाही. त्यांच्या काही कामाचे श्रेय झाकले गेले, असे पुढे नोबेल मिळविणाऱ्या जॉर्ज हिचिंग्ज या त्यांच्या सहकाऱ्याने नंतर उघडपणे सांगितले. १९४० मध्ये सुब्बाराव न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथील लेडर्ली या औषध कंपनीत गेले व तेथील संशोधनाचे प्रमुख झाले.

ज्या माणसाला फेलोशिप मिळाली नाही त्याच्या हाताखाली आता संशोधकांचा मोठा जथा होता. १९४५ मध्ये लेडर्लीच्या शास्त्रज्ञांनी फॉलिक ॲसिड कृत्रिमरीत्या तयार केले, आणि लवकरच ते स्प्रूच्या रोग्यांना गुणकारी असल्याचे दिसून आले. दोघे भाऊ जाऊन तेव्हा वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. हत्तीरोगावरील हेट्राझन आणि ऑरिओमायसीन हे प्रतिजैविकही याच प्रयोगशाळेतून बाहेर पडले.

या सगळ्याची किंमत घरी कोणी मोजली तेही सांगितले पाहिजे. चरित्रांतून ही बाजू एका ओळीत उरकली जाते, ते मला पटत नाही. सुब्बारावांचा विवाह १९१९ मध्ये झाला होता. ते बोटीत बसले तेव्हा पत्नी शेषगिरी यांना दिवस गेले होते. मुलगा झाला व तान्हेपणीच गेला. बापाने त्याला पाहिले नाही. सुब्बाराव पुन्हा भारतात आले नाहीत. त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले नाही. म्हणजे ते तेथे परके राहिले आणि येथे पत्नी वाट पाहत राहिली. पालकहो, मुलाला पाठविताना तिकिटाचा हिशेब आपण करतो. सुनेचा किंवा लेकीचा हिशेबही त्याच बैठकीत व्हावयास हवा.

मित्रहो, आजचा अर्जदार सुब्बारावांइतका एकाकी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, फुलब्राइट-नेहरू योजना, ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम अशी दारे आहेत. मात्र बहुतेक ठिकाणी मागणी सारखीच असते. कोणता प्रश्न सोडविणार, तो अमुक प्रयोगशाळेतच का, तेथील शास्त्रज्ञ तुम्हांला घेण्यास लेखी तयार आहे काय, आणि तुमचे काम जवळून पाहिलेल्या माणसांची शिफारसपत्रे कोठे आहेत? गुणपत्रिकेला महत्त्व आहे, परंतु तिने या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. परदेशातील शास्त्रज्ञाला पहिले पत्र लिहावयाचे ते अर्जाच्या मुदतीच्या पुष्कळ महिने आधी, आणि त्यात त्यांचे कोणते काम आपण वाचले आहे हे स्पष्ट हवे. शेवटच्या आठवड्यात धावपळ करून शिफारसपत्र मागितले तर गुरुजनही चार कोरडी वाक्ये लिहून देतात. मुदत, वयाची अट आणि पदवीनंतर किती वर्षे चालतात, हे त्या त्या संस्थेच्या चालू वर्षाच्या नियमांत पाहावे. शेजाऱ्याच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी काय केले त्यावर विसंबू नये.

सुब्बारावांचे शेवटचे मोठे काम बोस्टनशीच जोडलेले आहे. फॉलिक ॲसिडच्या रचनेत थोडा फेरफार केला तर पेशींची वाढ थांबविणारा पदार्थ मिळतो, असे लेडर्लीत दिसून आले. असा एक पदार्थ, अमिनोप्टेरिन, त्यांनी बोस्टनच्या बालरुग्णालयातील डॉ. सिडनी फार्बर यांना पुरविला. हे रुग्णालय हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयाला लागूनच आहे. ज्या वस्तीत सुब्बारावांनी रात्री भांडी उचलली होती, तीच ही वस्ती. तेथे रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना १९४७ च्या अखेरीस हे औषध देण्यात आले. तोवर ही मुले काही आठवड्यांची किंवा महिन्यांची सोबती मानली जात. सोळा मुलांपैकी दहा जणांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण अशी सुधारणा त्यापूर्वी पाहण्यात नव्हती. याच कुळातील मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगावर व संधिवातावर आजही दिले जाते. फार्बर यांचा अहवाल जून १९४८ मध्ये छापून आला. त्यानंतर दोन महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव झोपेतच वारले. वय ५३.