बोलण्यातला दुसरा निरोप

पंधराएक वर्षांपूर्वी जत तालुक्यातले एक गृहस्थ माझ्या बाह्यरुग्ण विभागात आले होते. वय साठीच्या आसपास, रक्तातली साखर तीनशेच्या वर. मी गोळ्या लिहून दिल्या, जेवणाआधीची कोणती आणि नंतरची कोणती तेही सांगितले आणि समजले का म्हणून विचारले. त्यांनी मान हलवली. महिन्याने परत आले तेव्हा साखर होती तिथेच आणि गोळ्यांची पाकिटे खिशातून जशीच्या तशी बाहेर निघाली. मी चिडलो, चार शब्द बोललो. ते गप्प राहिले. नंतर त्यांच्या सुनेने सिस्टरना सांगितले की मामंजींना वाचता येत नाही. चुकीची गोळी चुकीच्या वेळी पोटात जाईल या भीतीने त्यांनी एकही घेतली नव्हती.

विचारले असते तर मी पुन्हा सांगितले नसते का, असे मला त्या दिवशी वाटले. पण त्यांनी विचारावे असे मी काही केलेच नव्हते. मागे रांग, माझी नजर पुढच्या केसपेपरवर आणि प्रश्न असा की त्याला होकाराशिवाय उत्तर नाही. गोळ्यांची माहिती मी बरोबर दिली होती. मात्र तिच्याबरोबर आणखी एक निरोप गेला होता: मला वेळ नाही आणि तुम्हाला कळत नसेल तर तो तुमचा दोष. त्यांनी तो नेमका ऐकला.

संवादाचा अभ्यास करणाऱ्यांना ही गोष्ट फार पूर्वीच सापडली आहे. पॉल वाट्झलाविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात दोन साधी तत्त्वे मांडली. एक म्हणजे माणसाला संवाद न करणे शक्यच नसते. गप्प बसणे, पाठ फिरवणे, दाराबाहेर बसवणे हेही सांगणेच असते. दुसरे म्हणजे प्रत्येक बोलण्यात मजकूर असतो आणि त्याखाली नातेही असते. मी तुला कोण समजतो, हे मी कोणताही विषय बोलत असलो तरी तुला कळत राहते.

हे पुस्तक मी उशिरा वाचले. वाचताना सारखी आठवण होत होती ती मात्र आपल्याच भागातल्या एका माणसाची. तो कधी मॅट्रिकही झाला नाही आणि हे पुस्तक निघण्याच्या आठ वर्षे आधीच गेला होता. कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या संस्थेचा इतिहास सातारा-सांगलीतल्या बहुतेकांना पाठ आहे. मला आज त्यातली एकच बाजू पाहायची आहे: त्यांना लोकांकडून काय काय ऐकावे लागले आणि त्यांनी लोकांना न बोलता काय सांगितले.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोजला, जैन शेतकरी घराण्यात झाला. मूळ गाव वाळवा तालुक्यातले ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा सरकारी कारकून, त्यामुळे दहिवडी, विटा अशा बदलीच्या गावांत बालपण गेले. अंगाने दांडगा, कुस्तीचा नाद असलेला, अभ्यासात यथातथा मुलगा. पुढे शिक्षणासाठी कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये आला आणि जैन बोर्डिंगात राहू लागला.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. भाऊराव त्या समारंभाला गेले. परतल्यावर बोर्डिंगच्या शिस्तीप्रमाणे त्यांनी आंघोळ करायला हवी होती. त्यांनी ती केली नाही आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. एक तांब्या पाणी अंगावर घेतले असते तर प्रकरण मिटले असते. पण ती आंघोळ हे एक वाक्यच होते. मी ज्यांच्यात बसून आलो ते मला बाटवणारे आहेत, असे ती आंघोळ सांगणार होती. ते वाक्य उच्चारायला विशीतला मुलगा तयार झाला नाही.

त्या बोर्डिंगचे अधीक्षक होते अण्णासाहेब लठ्ठे. हे नाव लक्षात ठेवा, ते लगेच पुन्हा येणार आहे. शाहू महाराजांनी भाऊरावांना आसरा दिला, पण शिक्षण काही पुढे सरकले नाही. शेवटी ते साताऱ्याला येऊन शिकवण्या करू लागले. स्वतः परीक्षेत नापास झालेला हा माणूस इतरांच्या मुलांना पास करून देऊ लागला आणि लोक त्याला पाटील मास्तर म्हणू लागले. नापास या शिक्क्यावर मास्तर हा शब्द बसला. शिक्का पुसायला कधी कधी एवढेच लागते, हे मी माझ्या रुग्णांतही पाहिले आहे.

मग १९१४ साल आले. कोल्हापुरात इंग्रज राजाच्या पुतळ्याला कोणी तरी डांबर फासले. त्यात लठ्ठ्यांना गोवण्याचा प्रयत्न झाला आणि त्यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्या माणसाने आपल्याला बोर्डिंगमधून काढले, त्याच्यावर सूड उगवण्याची संधी अशी समोरून चालत आली होती. भाऊरावांनी साक्ष नाकारली. मग अटक झाली, मारहाण झाली, छळ झाला. त्या कोठडीत त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला, तोही एकदाच नव्हे.

चरित्रांत त्याचे तपशील आहेत. मी ते इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणून मला ते लिहिणे योग्य वाटत नाही. पण हा प्रसंग वगळून पुढच्या मोठेपणाकडे उडी मारायची, हे त्यांच्यावरच्या भाषणांत नेहमी होते आणि तेही मला पटत नाही. एवढ्या कणखर माणसाचाही जगण्यावरचा हात सुटू शकतो, ही गोष्ट लोकांना कळायला हवी.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १९०२ मध्ये मी या जाणिवेला आरशाची उपमा दिली होती. आपण स्वतःला थेट पाहत नाही, समोरच्याच्या नजरेत आपण कसे दिसत असू त्यावरून पाहतो. कोठडीत असलेल्या माणसाभोवती एकच आरसा उरतो आणि तो त्याला दिवसरात्र सांगत असतो की तू कवडीमोलाचा आहेस. घरातला सुनेचा छळ, हॉस्टेलमधले रॅगिंग, कर्जवसुलीला दारात येऊन होणारा अपमान, या सगळ्यांत हेच घडते. बाकीचे आरसे काढून घेतले जातात. अशा वेळी दुसरा एखादा आवाज कानावर पडला, तर तेवढ्यानेही वेळ टळू शकते. आज त्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते. घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भाऊराव त्यातून बाहेर पडले आणि नंतरची काही वर्षे त्यांनी विक्रेत्याचे काम केले. विम्याचे काम केले, ओगल्यांच्या काचकारखान्याचा माल विकला, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. माझ्या मते त्यांचे खरे कॉलेज हेच. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली तेव्हा शेतकरी लोखंडी नांगराला हात लावायला तयार नव्हते. लोखंडाने जमीन नासते, असा समज होता. अशा माणसाला तू अडाणी आहेस असे तोंडावर किंवा मनातल्या मनात म्हणून नांगर विकता येत नाही. बांधावर बसावे लागते, त्याची भीती पूर्ण ऐकून घ्यावी लागते आणि मग बोलावे लागते.

आम्हा डॉक्टरांना हे कठीण जाते. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल या दोन अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-रुग्ण भेटींच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण तक्रार सांगू लागल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते. आमच्या ओपीडीत कोणी घड्याळ लावले, तर १८ सेकंद ही चैन वाटेल.

गावोगावच्या या फिरतीत भाऊरावांना हुशार पण शाळेबाहेर राहिलेली मुले दिसत होती. दुधगावला त्यांनी सहकाऱ्यांसह १९१०च्या सुमारासच वसतिगृहाचा प्रयोग केला होता. मग ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली. तिथल्या वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव दिले गेले आणि १९२७ मध्ये महात्मा गांधी ते पाहून गेले.

त्या काळात वसतिगृहे बहुधा जातवार असत. शाहू महाराजांनी उभारलेली वसतिगृहेही बरीचशी तशीच होती. त्या काळाच्या मानाने तेही मोठे पाऊल होते, कारण आपल्या जातीच्या बोर्डिंगात पाठवायला आईबाप तयार होत. भाऊरावांनी मात्र मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरे एका छपराखाली आणली. एकच स्वयंपाकघर, एकच पंगत. दळणे, पाणी भरणे, झाडणे, शेतात राबणे हीही सगळ्यांची कामे.

त्या पंगतीत पहिल्यांदा बसलेल्या मुलाचा विचार करा. गावच्या शाळेत तो वर्गाबाहेर, पायरीपाशी बसून आलेला. तिथे मास्तरांनी त्याला कधी वाईट शब्द उच्चारला नसेलही. गरजच नव्हती, बसण्याची जागा रोज बोलत होती. इथे त्याच्या शेजारी पाटलाचा पोरगा बसलाय आणि दोघांच्या ताटात एकाच तव्यावरची भाकरी आहे. समतेवर एक शब्दही न बोलता त्या मुलाला आपण कोण आहोत याची नवी खबर मिळते. पाटलाच्या पोरालाही मिळते आणि ती पचायला त्याला बहुधा जास्त दिवस लागत असतील.

त्या स्वयंपाकघरात लक्ष्मीबाई होत्या. कर्मवीरांची पत्नी, सोवळ्याओवळ्याच्या संस्कारांत वाढलेली कुंभोजच्या पाटील घराण्यातली लेक. पतीने त्यांना किती समजावले, त्यांनी किती विरोध केला, यावर बरेच लिहिले जाते. मला वाटते, समजावण्यापेक्षा समोर बसलेल्या भुकेल्या पोरांनीच जास्त काम केले असेल. वसतिगृहासाठी त्यांनी एकेक दागिना मोडला आणि पोरांच्या जेवणाची वेळ आली तेव्हा मंगळसूत्रही दिले. त्या काळच्या सवाष्णीने मोकळ्या गळ्याने वावरणे म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला सांगायलाच हवे. शेजारपाजारच्या बायकांच्या नजरा हाही आरसाच होता. त्या १९३० मध्ये गेल्या. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांनी पाहिला नाही.

गावोगावच्या बायका वसतिगृहासाठी मूठमूठ धान्य बाजूला काढत, ही योजनाही याच धाग्यातली. देणगी मागताना देणारा मोठा होतो आणि घेणारा लहान. मूठभर ज्वारी देणारी बाई मात्र स्वतःही गरीबच असे. तिला कोणी तरी पहिल्यांदाच सांगत होते की शाळा काढण्याइतकी तुझीही ऐपत आहे. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. तिथे मुलांनी कमवावे आणि शिकावे, अशी रीत होती. फुकट शिक्षणाने पोट भरते, पण त्यासोबत येणारा उपकाराचा निरोप मुलाला वाकवतो, हे भाऊरावांनी ओळखले होते. घाम गाळून शिकलेला मुलगा ताठ चालतो.

१९६८ मध्ये रोझेन्थाल आणि जेकबसन यांनी शाळेतला एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुले यंदा खूप पुढे जातील असे शिक्षकांना सांगितले. नावे चिठ्ठ्या टाकून काढावीत तशी निवडलेली होती. तरीही वर्षाअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुले बुद्ध्यांक चाचणीत खरोखर पुढे गेलेली दिसली. या निष्कर्षावर नंतर पुष्कळ वाद झाले आणि परिणाम वाटला तेवढा मोठा नसावा, असे अनेकांचे मत आहे. भाऊरावांच्या वसतिगृहातून निघालेले शिक्षक, वकील, प्राध्यापक पाहिले की मला तो वाद थोडा दूरचा वाटतो. इथे नुसती अपेक्षा नव्हती. भाकरी होती, अंथरूण होते आणि पहाटे उठवणारा माणूस होता.

त्या माणसाचा राग मात्र प्रसिद्ध होता. हातात काठी असे आणि जीभ काठीहून कडक. एकदा सुटलेला शब्द परत घेता येत नाही, हेही संवादाचे एक मूलतत्त्व. त्याची किंमत त्यांनी मोजली. १९४८च्या सुमारास त्यांच्या एका भाषणावरून मुंबई सरकारची मर्जी फिरली आणि संस्थेचे अनुदान थांबले. शेकडो शिक्षकांचे पगार आणि हजारो मुलांचे जेवण त्यावर अवलंबून होते. लोकांनी धान्य आणि पैसे देऊन संस्था तगवली आणि पुढे अनुदान पूर्ववत झाले. त्यांचे भक्त हा प्रसंग निर्भीडपणाचा म्हणून सांगतात. असेलही. पण त्या महिन्यांत बिनपगारी काम केलेल्या मास्तरांच्या घरात तो कसा सांगितला गेला असेल, हेही मला जाणून घ्यायला आवडले असते.

१९५९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले आणि पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. तोपर्यंत संस्थेची शंभरावर हायस्कुले आणि साताऱ्या-कराडची महाविद्यालये उभी होती. शरीर थकले होते. त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

जतच्या त्या गृहस्थांना मी दुसऱ्या खेपेला शेजारी बसवले. सूर्य आणि चंद्र काढून गोळ्यांची पाकिटे वेगळी केली आणि समजले का असे न विचारता, घरी गेल्यावर सूनबाईंना कसे सांगाल ते मला सांगून दाखवा, म्हणालो. पहिल्यांदा चुकले. मीच नीट सांगितले नाही, असे म्हणून पुन्हा सांगितले, तेव्हा बरोबर आले. सगळ्याला चार मिनिटे लागली असतील. तीन महिन्यांनी साखर दीडशेवर आली होती. त्या वेळी त्यांनी मला न विचारताच सांगितले की पायाच्या बोटाला जखम आहे आणि ती पहिल्या भेटीच्याही आधीपासूनची आहे.