'जॅक द रिपर' म्हणून बदनाम झालेल्या डॉक्टरने उपाशी मुलींचा आजार ओळखला होता

गुगलवर विल्यम गल हे नाव टाकलं की आधी जॅक द रिपर समोर येतो. १८८८ साली लंडनमध्ये बायकांचे खून करणारा आणि कधीच न सापडलेला तो माणूस. राणी व्हिक्टोरियाच्या या डॉक्टरचा त्या खुनांत हात होता, असं १९७६ साली एका पुस्तकाने ठोकून दिलं. पुढे जॉनी डेपचा 'फ्रॉम हेल' आला आणि गलसाहेब कायमचे व्हिलन झाले. खरं तर १८८७ सालीच त्यांना पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता आणि वय सत्तरीपार होतं. अशा माणसाने अंधाऱ्या गल्ल्यांत खून करत फिरणं पटत नाही.

या सगळ्यात त्यांचं खरं काम मात्र झाकलं गेलं. मुद्दाम उपाशी राहणाऱ्या मुलींच्या आजाराला 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव त्यांनी दिलं.

गल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८१६ रोजी झाला, तोही इंग्लंडमधल्या कोलचेस्टर इथे, नदीतल्या मालवाहू बोटीवर. आपल्याकडे मचवा असतो तसलाच प्रकार. वडील त्या बोटीचे मालक. ते कॉलऱ्याने गेले तेव्हा विल्यम १० वर्षांचा होता. आईने एकटीने पोरं वाढवली. विल्यम आधी शाळेत मास्तर झाला, मग १८३७ साली लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकायला लागला. १८७१ मध्ये टायफॉइडने मरणाच्या दारात गेलेल्या युवराजावर त्यांनी उपचार केले, तो वाचला आणि पुढच्याच वर्षी गल 'सर' झाले.

आता मुद्द्याचं. त्या काळी वयात आलेली मुलगी झपाट्याने बारीक झाली की पहिला संशय क्षयाचा. १८६८ साली १८ वर्षांची एक मुलगी गल यांच्याकडे आली ती छुपा क्षय म्हणूनच. हवापालटासाठी तिला दक्षिण युरोपात न्यायचा सल्लाही देऊन झाला होता. गल यांनी छाती तपासली, तर क्षयाची खूण नाही.

त्याआधी, १८६६ साली, १७ वर्षांची आणखी एक मुलगी त्यांनी पाहिली होती. फुप्फुसं ठीक, हृदय ठीक, नाडी मात्र मंद आणि पाळी जवळपास वर्षभर बंद. इतकी वाळलेली मुलगी गळून पडायला हवी, पण ही एका जागी बसायला तयार नाही, सतत चालत राहायची. औषधं देऊन उपयोग झाला नाही. थोड्या थोड्या वेळाने नेमाने खाऊ घातल्यावर ती सावरली.

१८७३ साली त्यांनी हे निबंधात मांडलं. आधी ते याला पचनाचा दोष मानत होते, पण खाल्लेलं पचतंय म्हटल्यावर ते नाव टाकलं. 'हिस्टेरिया' हा शब्दही सोडला, कारण मुलग्यांनाही हे होतं. निबंधासोबत मुलींची आजारातली आणि बरं झाल्यानंतरची चित्रं छापली. आजच्या भाषेत 'बिफोर-आफ्टर'. त्यांनी वजनाचे आकडेही दिलेत. मी ते इथे मुद्दाम देत नाहीये, कारण अशा आकड्यांशी स्पर्धा करणाऱ्या मुली असतात.

गल यांचं एक मला खटकतं. मुलगी का जेवत नाही, हे त्यांनी तिला फारसं विचारलेलं दिसत नाही. हट्टीपणा म्हणून सोडून दिलं. घरच्यांपासून दूर ठेवा, हा त्यांचा सल्ला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग या डॉक्टरने याच आजारावर लिहिताना घरातल्या वातावरणाकडे जास्त लक्ष दिलं. तरी गल यांनी विषय सोडला नाही. ज्या वर्षीचे खून त्यांच्या नावावर टाकले जातात, त्याच १८८८ साली त्यांनी १४ वर्षांच्या मुलीची केस छापली. २९ जानेवारी १८९० रोजी ते गेले.

आता आपल्याकडे या. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात काय किंवा कुठेही काय, सरकारी शाळेत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. हा कार्यक्रम २०१३ चा. केंद्राच्या मूळ यादीत ३० आजार आहेत, त्यात रक्तक्षय आहे, कुपोषण आहे, ईटिंग डिसऑर्डर नाही. म्हणजे मुलगी बारीक दिसली की 'रक्त कमी' म्हणून लोहाच्या गोळ्या. तेव्हा क्षय, आता रक्तक्षय. त्यात आपल्याकडे उपास हे आयतं कारण असतं. श्रावणी सोमवार, मार्गशीर्षातले गुरुवार, चतुर्थी. कोण विचारतंय, उपास देवासाठी की वजनासाठी?

मग सगळ्याच मुलींचं स्क्रीनिंग करावं का? १९९९ साली लंडनमध्ये पाच प्रश्नांची 'स्कॉफ' चाचणी तयार झाली. मुद्दाम उलटी काढतेस का, खाण्यावरचा ताबा सुटतोय असं वाटतं का, वजन झपाट्याने उतरलंय का, लोक बारीक म्हणत असताना स्वतःला जाड वाटतेस का, डोक्यात सतत खाणंच असतं का. दोन 'हो' आले की पुढची तपासणी. पण सरसकट सगळ्यांना हे विचारल्याने फायदा होतो की नाही, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे, असं अमेरिकेच्या तज्ज्ञ गटाने २०२२ साली सांगितलं. तिथे प्रश्न लक्षणं न दिसणाऱ्या मुलींचा होता. जिचं जेवण कमी झालंय, पाळी थांबलीय, व्यायाम मात्र सुटत नाही, तिला डॉक्टरकडे न्यायला कुठल्या चाचणीची वाट बघायची गरज नाही. वजन नॉर्मल असलं तरीही. नुसतं बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, फोन फुकट आणि मराठीतही बोलता येतं.