एका कप्प्यात न मावणारा
‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हे बॅलड, ऑपेरा की हार्ड रॉक, यावर आपल्याकडे हमखास वाद होतो. मी म्हणते, आधी फ्रेडी मर्क्युरीचं आयुष्य बघा. १९४६ साली झांझिबारमध्ये पारशी घरात जन्मलेला हा फारुख बलसारा. शाळा आपल्या पाचगणीची. पहिला बँडही तिथलाच. १९६४ मध्ये घरच्यांसोबत इंग्लंडला गेला. १९७५ चं हे गाणं ५ मिनिटं ५५ सेकंदांचं. ध्रुवपद नाहीच, आधी संथ बॅलड, मग ऑपेरा, मग दणदणीत रॉक. रेकॉर्ड कंपनीला लांबलचक वाटलं, पण हा छाटायला तयार नव्हता. ब्रिटनमध्ये ते ९ आठवडे पहिलं राहिलं; १९९१ मध्ये तो गेल्यावर पुन्हा पहिलं आलं. अर्थ मात्र त्याने कधीच उलगडून सांगितला नाही. एका गावात, एका नावात न मावलेल्या माणसाचं गाणं आहे ते. मला तिन्ही उत्तरं पटतात.