कै. गोपाळ गणेश आगरकर

मूल खोटे बोलले की देव पाहतो आहे, असा धाक आपल्या नांदेड-लातूरकडील घरोघरी घालतात. आगरकरांना (१८५६–१८९५) असा धाक लागला नाही. टेंभूच्या या गरीब मुलाने एम. ए. होऊनही मोठ्या पगाराची आशा सोडून अध्यापन पत्करले. १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीस अज्ञेय आहे, असे ते मानीत. म्हणजे स्वर्गाचीही आशा नाही! तरी ‘सुधारका’तून विधवांच्या केशवपनाविरुद्ध ते लिहीत राहिले. पुण्यात लोकांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांनी लेखणी ठेवली नाही. ऐन एकोणचाळिशीच्या आत दम्याने ते गेले, तेव्हा अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच पुडीत बांधून ठेवले होते, असे सांगतात.